साखर उपाशीपोटी नाही, ताटात बघा: गोव्यातल्या मधुमेहींसाठी घरच्या घरी करायच्या गोष्टी

"साखर किती आहे हो तुमची?" असं आमच्याकडे कुणालाही विचारा, तो उपाशीपोटीचा आकडा सांगतो. मीही तेच सांगायचे. मधुमेह निघाल्यापासून पहिली सात वर्षं दर तीन महिन्यांनी सकाळी चहा न घेता लॅबमध्ये जायचं, ११८ किंवा १२४ असा आकडा घेऊन यायचं आणि घरी सांगायचं, सगळं ठीक आहे. मग एकदा डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला सांगितली. ती निघाली ८.४.

ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ८.४ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी साखर साधारण १९४. सकाळी १२० असते, तर १९४ सरासरी येते कुठून? उत्तर माझ्या दुपारच्या ताटात होतं. उकड्या तांदळाचा डोंगर, त्यावर बांगड्याचं हुमण (नारळाचा रस्सा), आणि जेवून लगेच आडवं होणं. सकाळी सातला मी ज्या साखरेला शाबासकी देत होते, ती दुपारी दोन ते पाच काय करते हे मी कधी बघितलंच नव्हतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. म्हणजे आपल्या वाड्यावर चार मोठी माणसं बसली असतील तर त्यातल्या एकाला तरी हा लेख लागू आहे. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा हातात काहीतरी असावं, म्हणून हे लिहिते आहे.

पायरी १: आपले आकडे ठरवून घ्या

बहुतेक प्रौढांसाठी वापरली जाणारी उद्दिष्टं अशी: जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या खाली, एचबीएवनसी ७ च्या खाली. (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे घरी साखर मोजायच्या आपल्या मीटरवर दिसतात तसेच.)

पण हे सगळ्यांना एकाच मापाने लावू नका. माझ्या आईचं वय ७६. हृदयाचा त्रास आहे, ती एकटी झोपते. तिच्यासाठी डॉक्टरांनी ८ च्या आसपासची एचबीएवनसी पुरे म्हटलं, कारण या वयात साखर थोडी जास्त असण्यापेक्षा रात्री एकाएकी उतरणं जास्त धोक्याचं. चाळिशीतल्या माणसाला मात्र अजून पुष्कळ वर्षं काढायची असतात, त्याने ढील देऊ नये. गरोदरपणात तर आकडे वेगळेच आणि जास्त कडक असतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, "माझं उद्दिष्ट किती?" आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

एचबीएवनसी कधीकधी फसवते. रक्तक्षय असेल, अलीकडे रक्त चढवलेलं असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा खरा येत नाही. मीटरचे आकडे आणि ही तपासणी जुळत नसतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी २: नीट मोजायला शिका

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी मुलांसाठी मानकुराद कापले, हात फडक्याला पुसले आणि साखर बघितली. मीटरवर २८६. पोटात गोळाच आला. मी तर आंबा तोंडातही घातला नव्हता. मग सुचलं, नळाखाली साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १५१. आंब्याचा रस बोटावर होता, तो रक्ताच्या थेंबात मिसळला होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. साबण-पाण्याने हात धुवायचे, अगदी कोरडे करायचे (ओल्या बोटाने थेंब पातळ होतो आणि आकडा कमी येतो). बोटाच्या टोकाला टोचायचं नाही, बाजूला टोचायचं, तिथे दुखतंही कमी. बोट पिळून पिळून थेंब काढायचा नाही. हात खाली सोडून जरा हलवला की रक्त आपसूक येतं.

गोव्यात मीटरच्या पट्ट्यांची काळजी निराळी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मीठसुद्धा पाझरतं, मग पट्ट्यांचं काय होत असेल! पट्टी काढली की डबीचं झाकण त्याच क्षणी लावा. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू नका, स्वयंपाकघरात चुलीजवळ नको, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. डबीवरची मुदत बघूनच विकत घ्या. पट्ट्या महाग आहेत, म्हणून लोक जुन्या वापरतात आणि मग चुकीच्या आकड्यावर काळजी करत बसतात.

घरचा मीटर लॅबइतका काटेकोर नसतो. चांगल्या मीटरलाही १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. त्यामुळे काल १७० आणि आज १८० आली तर साखर वाढली असं समजू नका. कल बघायचा.

पायरी ३: जोडीने मोजा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. जेवणाचा पहिला घास घेण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा, असं जोडीने मोजायचं. एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. जोडी सांगते की त्या ताटाने तुमच्या रक्तात काय केलं.

रोज सगळी जेवणं मोजायची गरज नाही, तेवढ्या पट्ट्या परवडणारही नाहीत. गोळ्यांवर असाल तर आठवड्याला दोन-तीन जोड्या पुरतात: सोमवारी न्याहारी, बुधवारी दुपारचं जेवण, शनिवारी रात्रीचं. इन्सुलिन घेत असाल तर किती वेळा मोजायचं ते डॉक्टर सांगतील, ते याहून जास्तच असेल.

शाळेची साधी वही घ्या. तारीख, वेळ, आधी किती, दोन तासांनी किती, आणि ताटात काय होतं. "भात-हुमण" एवढं लिहून चालणार नाही, "भात अडीच वाट्या" असं लिहा. माझ्या वहीतल्या दोन ओळी देते.

मंगळवार, दुपार. आधी ११८. भात अडीच वाट्या, बांगड्याचं हुमण, तळलेला तुकडा. जेवून झोपले. दोन तासांनी २२४.

गुरुवार, दुपार. आधी १२१. आधी तांबडी भाजी आणि अळसांद्यांचं तोणाक (कडधान्याचा रस्सा), मग भात एक वाटी, हुमण, दोन बांगडे. जेवून बारा मिनिटं अंगणात फेऱ्या. दोन तासांनी १६९.

तेच घर, तोच तांदूळ, तीच गोळी. मंगळवारी १०६ चढली, गुरुवारी ४८. ५०-६० पेक्षा जास्त चढ दिसला की मी ते ताट पुन्हा तपासते, हा माझा स्वतःचा नियम आहे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. मी गुरुवारी घाईने तीन गोष्टी बदलल्या. नेमकं कशाने उतरली हे कळायला मला पुढे तीन आठवडे लागले. (माझ्या बाबतीत भाताचं माप आणि फेऱ्या या दोन्हींचा वाटा मोठा निघाला.)

पायरी ४: गोव्याचं ताट तसंच ठेवून बदला

आहाराचे छापील कागद मिळतात त्यात ओट्स असतात, ब्रोकोली असते, चपाती-पनीर असतं. ते चार दिवस चालतं. माणूस शेवटी नुस्त्या-भातावर येतो, म्हणून त्याच ताटाला हात घालूया.

भात. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. उकडा तांदूळ सुरयपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) जरा सावकाश साखर चढवतो, हे खरं आहे. पण "आमचा उकडा आहे, चालतो" म्हणत तीन वाट्या खाल्ल्या तर तो फायदा पहिल्या वाटीतच संपतो. भात वाढायला मोठा डाव वापरू नका, वाटी वापरा, आणि ती वाटी कायम एकच ठेवा. बहुतेकांना दुपारी एक ते दीड वाटीवर जमतं. तुमचं माप तुमची जोडी सांगेल.

पेज. दहा-अकराला पेज घेणं ही आपली जुनी सवय. पेजेत पाणी जास्त, त्यामुळे तांदूळ कमी जातो हे बरोबर, पण मऊ शिजलेला दाणा लवकर पचतो आणि साखर झटकन चढते. नुसती पेज आणि लोणच्याची फोड हे मधुमेह्याला पुरं नाही. पेजेबरोबर कालची कडी, भाजलेला सुका बांगडा, शिजवलेली चवळी किंवा अंडं असं काहीतरी हवंच. सुक्या मासळीत मीठ फार असतं. रक्तदाब असेल तर ती रोज नको.

पाव. एक कातरो, एक उंडो यांचं वजन पदेरागणिक (पाववाल्यागणिक) बदलतं, म्हणून वजनापेक्षा संख्या धरा: न्याहारीला एक. पोयीवर कोंडा भुरभुरलेला असतो म्हणून ती सगळी गव्हाची असं धरून चालू नका, आत मैदा किती आणि आटा किती ते आपल्या पदेराला विचारा. पाव-भाजीत बटाट्याच्या पातळ भाजीऐवजी मुगाची किंवा चण्याची घेतली तर माझ्या वहीत ३० च्या आसपास फरक पडला. चहात बुडवलेला पाव मात्र सोडा, त्यात साखरेवर मैदा असा दुहेरी भार.

मासळी आपली खरी ताकद आहे. बांगडा, तारले, मोडसो, सुंगटं, तिसऱ्यो यांत साखर चढवणारं जवळजवळ काही नाही, आणि पोट भरतं. भात कमी केला की मासळी थोडी वाढवा, नाहीतर चार वाजता भूक लागते आणि माणूस बिस्किटांकडे वळतो. रव्यात घोळवून तळण्याऐवजी तव्यावर कमी तेलात भाजा. हुमणातल्या नारळाने साखर चढत नाही, पण उष्मांक भरपूर. वजन उतरवायचं असेल तर रस्सा पातळ ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

सोमवारी-गुरुवारी शिवराक (शाकाहारी जेवण) असतं तेव्हा खरी अडचण होते. मासळी नसली की ताटात भात, डाळीचं वरण आणि बटाटा उरतो. त्या दिवशी मुगागाठी, कुळथाचं पिठलं, वाटाण्याचं तोणाक यापैकी काहीतरी दाट आणि मोठी वाटीभर घ्या. खतखतें छान, पण त्यातली कणगी आणि गूळ बेताने.

नाचणीचं तिझन (गोड पेज) पौष्टिक म्हणून मधुमेह्याला आवर्जून देतात. नाचणी चांगलीच, पण तिझनात गूळ असतो, आणि गूळ रक्तात गेला की साखरच. नाचणीची भाकरी खा, किंवा ताकातली मीठ घातलेली आंबील घ्या. मधाचंही तेच.

फळं. आंबा बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही, गोव्यात ते कुणी ऐकणारही नाही. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, पिकलेल्या फणसाच्या गऱ्यांत आणि केळ्यात त्याच वजनाला २३ च्या आसपास. म्हणजे आंब्यापेक्षा गरे जड. अर्धा मानकुराद, चार वाजता, नुसता खा. जेवणावर फोडी नकोत आणि आमरस तर नकोच. ज्यांची साखर आधीच २५० च्या वर धावते आहे त्यांनी ती आटोक्यात येईपर्यंत तोही थांबवावा. शहाळ्याच्या एका पेल्यात दहा ग्रॅमच्या आत-बाहेर साखर असते, आणि ३०० मिलिलिटरच्या गोड शीतपेयाच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर. तहान लागली तर पाणी, ताक, साखर न घातलेली सोलकढी.

चवथीचं आधी ठरवावं लागतं. नेवऱ्या, मोदक, पातोळ्यो, मणगणें, वर पाहुण्यांकडचा फराळ. मी असं करते: ज्या जेवणात गोड घ्यायचं त्या जेवणात भात अर्धी वाटी. एका दिवसात एकच गोड पदार्थ, तो आवडीचा असेल तोच. दुसऱ्या घरी गेलं की चहा बिनसाखरेचा मागायचा, लाजायचं नाही. संध्याकाळी घुमट आरत्यांना घराघरांतून चालत जायचं. चवथीच्या दुसऱ्या दिवशी माझी साखर सामान्य नसते, पण तिसऱ्या दिवशी ती परत जागेवर असते.

पायरी ५: जेवल्यावर चाला

चालणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्याला इन्सुलिनची तेवढी मदत लागत नाही. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं सकाळच्या फेरफटक्याइतकीच मोलाची. आठवड्याला एकूण १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस जोर लागेल असा व्यायाम (खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याची भरलेली बाटली उचलणं) हे सर्वसाधारण माप आहे. सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका.

पावसात बाहेर जाता येत नाही, खरं आहे. पडवीत, बाल्कांवात, जिन्यावर फेऱ्या मारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि साखर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, मग चाला.

पायरी ६: गोळ्या समजून घ्या, इन्सुलिन नीट घ्या

प्रत्येक गोळी वेगळं काम करते, म्हणून शेजारच्या काकांची गोळी आपल्याला चालत नाही. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्या, पोटाचा त्रास कमी होतो. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं, कारण कमतरतेने पाय बधिर होतात आणि दोष मधुमेहाला जातो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड घेतल्यावर जेवण चुकवायचं नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांनी साखर लघवीवाटे जाते. तिथली स्वच्छता पाळा, खाज किंवा जळजळ झाली तर लाजून लपवू नका. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि त्यापायी गोळी बंद करू नका. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड मिळालं तर साखर चढणार, हेही लक्षात ठेवा.

इन्सुलिनच्या बाबतीत एक चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे कुपी दोन ताकदींची मिळते: ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. कुपी आणि सिरिंज एकाच ताकदीची हवी. १०० ची कुपी आणि ४० ची लाल सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरलंत तर अंगात २० जात नाहीत, ५० युनिट जातात. उलट केलंत तर २० ऐवजी फक्त ८. एका दुकानातून आईसाठी असंच चुकीचं पाकीट हाती आलं होतं. घरी टोपणाचा रंग बघितला म्हणून वाचलो. प्रत्येक वेळी दुकानातच कुपी आणि पाकीट शेजारी ठेवून आकडा वाचा.

टोचताना बेंबीपासून दोन बोटं लांब, रोज जागा बदलून. एकाच जागी टोचलं की गाठ होते, तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो, आणि गाठीतून इन्सुलिन कधी लवकर तर कधी उशिरा उतरतं. पोटावरून हात फिरवून गाठी शोधा. दुधाळ इन्सुलिन असेल तर तळहातांत दहा वेळा घोळवा, जोरात हलवू नका. इन्सुलिनचं पेन वापरत असाल तर बटण दाबल्यावर दहा मोजा, मग सुई काढा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरायचं नाही. वापरातलं पेन बहुतेक प्रकारांत चार आठवडे खोलीत चालतं, पण खोली ३० अंशांच्या आत हवी, आणि एप्रिल-मेच्या दुपारी आपली खोली तशी नसते. मडक्यात ठेवायचा सल्ला कोरड्या हवेच्या गावांत उत्तम चालतो. गोव्याच्या दमट हवेत मडकं फार गार होत नाही, त्यावर विसंबू नका. पावसात वीज गेली तर फ्रिज उघडू नका, काही तास थंडावा टिकतो. जास्त वेळ जाणार असेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये टॉवेलात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली आणि त्याच्या शेजारी कुपी, बर्फाला न चिकटता.

पायरी ७: साखर उतरली तर

आईचीच गोष्ट सांगते. पोट बिघडलं म्हणून तिने रात्री नुसती अर्धी वाटी पेज घेतली, पण ग्लिमेपिराइड नेहमीप्रमाणे घेतली. पहाटे तीनला मला तिच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. कपाळ ओलंचिंब, हात थरथरत होते, आणि ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. मीटरवर ५२. गिळत होती म्हणून साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजलं. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "अगं, तू इतक्या पहाटे कशी उठलीस?" तिला मधलं काहीच आठवत नव्हतं.

७० च्या खाली साखर म्हणजे लगेच उपाय. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, बोलताना अडखळणं ही लक्षणं. मीटर हाताशी नसेल तर न मोजता उपाय करा.

तीन सपाट चमचे साखर पाण्यात, किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पाव, पेज असं काहीतरी खा. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (पाकिटावर बघा, तीन औषधांच्या एकत्र गोळीत ते पुष्कळदा असतं) तर घरची साखर लवकर काम करत नाही. ग्लुकोज पावडरच लागते, तिचा डबा घरात ठेवा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून शुद्ध आली तरी डॉक्टरांना दाखवाच.

स्कूटर काढण्याआधी आणि झोपण्याआधी साखर बघायची सवय इन्सुलिनवाल्यांना हवीच.

पायरी ८: आजारपण, उपास आणि फेणी

ताप किंवा उलट्या झाल्या की खाणं कमी होतं, तरी साखर अनेकदा चढते. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. दर चार तासांनी मोजा, पाणी आणि मिठाचं ताक घेत राहा. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन अशा दिवसांत थांबवावी लागतात, डॉक्टरांना फोन करून विचारा. साखर ३०० च्या वर, सोबत उलट्या, जोराचा श्वास किंवा गुंगी असेल तर घरी थांबू नका.

श्रावणातले सोमवार किंवा एकादशी धरायची असेल तर आठवडाभर आधी गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्या. साबुदाण्याची खिचडी भातापेक्षा हलकी नाही. शिंगाड्याची भाकरी, दही, शेंगदाणे, एखादं फळ बरं.

फेणी-उर्राक. यकृत दारू पचवण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं विसरतं, त्यामुळे साखर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरते. आणि त्या अवस्थेतल्या माणसाला लोक नशेत आहे म्हणून झोपवून ठेवतात. न घेणं उत्तम. घेणारच असाल तर थोडी, जेवणाबरोबर, गोड पेयात न मिसळता, आणि सोबतच्या एकाला तरी आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असू द्या.

पायरी ९: पाय, आणि वर्षातून एकदा

रोज रात्री पाय बघा, तळव्याखाली आरसा धरून. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पावसात तिथेच चिघळतं. ओल्या बंद बुटांत दिवस काढू नका. शेतात किंवा कुळागरात अनवाणी जाऊ नका. संवेदना कमी झाली असेल तर मे महिन्यात दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका, सकाळी लवकर जा. चटका बसलेला कळतच नाही, आणि फोड आठवड्याने दिसतो. शिरगावच्या लईराईचं व्रत करणाऱ्या आणि पाय बधिर झालेल्या धोंडांनी निखाऱ्यांवरून जाण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावेत ही माझी कळकळीची विनंती आहे.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पायांची संवेदना आणि दात. रक्तदाब प्रत्येक भेटीत. एचबीएवनसी साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी, नसेल तर तीन. साखरेची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढच्या तपासण्यांसाठी म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं आहेत, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आहे.

जाताना वही न्या. डॉक्टरांकडे तुमच्यासाठी पाच-सात मिनिटं असतात. "साखर वर-खाली होते" असं सांगण्यात ती घालवू नका. शेवटच्या दहा जोड्या असलेलं पान उघडून समोर ठेवा, आणि ज्या जेवणानंतर चढ सगळ्यात मोठा आहे त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून न्या.